मोक्षपटाची रचना व त्याचें कर्तृत्व

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना कागदपत्रांबरोबर कधीं कधीं एखादा पट हातीं लागतो. कापडावर किंवा जाड कागदावर घरें आंखलेलीं असतात, घराघरांत नांवें लिहिलेलीं असतात, आणि त्यांवरून साप व शिड्या गेलेल्या असतात. संग्राहक त्याची नोंद ‘चित्र’, ‘यंत्र’ किंवा ‘किरकोळ’ या सदराखालीं करतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. एका खाजगी संग्रहाच्या यादींत असा पट ‘अंकांचें कोष्टक, अपूर्ण’ म्हणून दाखल झालेला आम्हीं पाहिला आहे. अपूर्ण कां, तर ओळींची बेरीज जुळत नव्हती म्हणून! यादी करणारे गृहस्थ विद्वान् होते. परंतु पट हा वाचावयाचा नसून खेळावयाचा असतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली नाहीं. पोथी वाचल्याशिवाय तिचें मोल कोणी ठरवीत नाहीं. पटाचें मोल मात्र तो न खेळतांच ठरविण्याची आमच्यांत वहिवाट पडली आहे.

या वहिवाटीमुळें एक महत्त्वाचा प्रश्न भलत्याच वाटेनें सोडविला जात आहे. मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज, हा श्रीज्ञानेश्वरांनीं रचला असें महाराष्ट्रांत सर्रास सांगण्यांत येतें. हें खरें काय, याचा निकाल बहुतेक जण श्रद्धेनें किंवा अश्रद्धेनें लावतात. पटाची रचना कोणत्या हिशेबावर उभी आहे, खेळ म्हणून ती चांगली कां ठरते, आणि त्या रचनेवरून कर्त्याविषयीं कितपत अनुमान निघतें, याची चौकशी आधीं झाली पाहिजे असें आम्हांस वाटतें. ती येथें थोडीबहुत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम परंपरा काय सांगते तें पाहूं. निवृत्तिनाथ व ज्ञानदेव माधुकरीस गेले म्हणजे घरीं राहिलेल्या सोपानास व मुक्ताबाईस करमणूक व्हावी, आणि करमणुकीबरोबर चार गोष्टी कळाव्या, म्हणून हा पट निघाला अशी कथा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल वा. ल. मंजुळ यांनीं डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहांतील मोक्षपटांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें, व तेव्हांपासून ही कथा वृत्तपत्रांतून सर्वतोमुखीं झाली. खानदेशास तिच्याविषयीं विशेष जिव्हाळा वाटावा हें साहजिक आहे. मुक्ताबाई शके १२१९ मध्यें तापीतीरीं मेहूण येथें गुप्त झाली अशी वारकऱ्यांची श्रद्धा. कोथळीचें तिचें मंदिर, तिच्या नांवानें एदलाबादचें झालेलें मुक्ताईनगर, आणि तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचें देऊळ, हीं सर्व स्थळें आजच्या जळगांव जिल्ह्यांत एकाच टापूंत आहेत. जिच्यासाठीं पट आंखला ती मुलगी आमच्या तापीकांठीं विसावली, असें म्हणतांना खानदेशी माणसाचें मन भरून आल्याशिवाय राहत नाहीं.

परंतु मन भरून येणें हें प्रमाण नव्हे. ज्ञानदेवांच्या कर्तृत्वाविषयीं जें पुढें केलें जातें तें परंपरेचें सांगणें होय. समकालीन लेख नव्हे. जे पट आज पाहावयास मिळतात ते उत्तरकालीन आहेत, व त्यांतील बहुतेक १८ व्या व १९ व्या शतकांतले आहेत. शिवाय हा प्रकार केवळ महाराष्ट्राचा नाहीं. राजस्थान-गुजरातेंत तो ज्ञानचौपड या नांवानें ओळखला जातो. वैष्णवांचा ७२ घरांचा पट आहे, जैनांचा ८४ घरांचा आहे, आणि सूफी मुसलमानांचाही शंभराच्या आसपास घरांचा पट आहे. ज्यानें त्यानें आपल्या मताप्रमाणें घरांचीं नांवें बदललीं. सांगाडा तोच ठेविला. अशा स्थितींत एका प्रांतांतील एका महापुरुषाचें नांव मूळ कर्ता म्हणून घेणें म्हणजे पाटाच्या पाण्यावरून नदीचा उगम सांगण्यासारखें आहे. निनावी रचना गाजलेल्या नांवावर चढविण्याची चाल अभंगवाङ्मयांत आम्हांस चांगली परिचित आहे. पटाच्या बाबतींत ती लागू नसावी असें मानण्यास कारण नाहीं.

आणि थोर नांवामुळें खेळ टिकतो हें तरी खरें काय? अबुल फज्लानें आईन-इ-अकबरींत दरबारच्या खेळांचें वर्णन केलें आहे. त्यांत चौपड आहे, आणि चंदल-मंदल नांवाचा दुसरा एक खेळ आहे. हा दुसरा खुद्द बादशहाच्या कल्पनेंतून निघालेला. सोळा भुजांचा वर्तुळाकार पट, चौसष्ट सोंगट्या, चार फासे, आणि भोंवतीं सोळा खेळणारे, असा त्याचा थाट. बादशहाचें नांव, दरबाराचा आश्रय व आईनासारख्या ग्रंथांत नोंद, एवढें सर्व असतांना हा खेळ लोकांत रुजला नाहीं. उलट चौपड, म्हणजे आमचा सारीपाट, याचा कर्ता कोण हें कोणी विचारीत नाहीं, आणि तो शेंकडों वर्षें घरोघर खेळला गेला. चंदल-मंदलाचें दुखणें उघड आहे. सोळा माणसें जमवावयाचीं, आणि एक दान टाकल्यावर पुढील पंधरांचीं दानें होईपर्यंत हात जोडून बसावयाचें. हें बादशहाच्या हुकुमावांचून कोण करील?

तेव्हां खेळाची बरी-वाईट पारख कर्त्याच्या नांवावरून करतां येत नाहीं. ती कशावरून करावी? आमच्या मतें पहिली कसोटी पैजेची आहे. ज्या खेळाला बाहेरून पैज लावल्याशिवाय रंग चढत नाहीं, त्याची रचना आंतून पोकळ समजावी. द्यूताची ओढ किती जबर असते याचे दाखले दूर जाऊन शोधावयास नकोत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत विधुरपंडित जातकांतील द्यूतप्रसंग रंगविला आहे. त्यांत राजा आपला ज्ञानी मंत्रीच हरतो. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फासे टाकीत बसलेलीं आहेत. लीळाचरित्रांत तर चक्रधरांच्या पूर्वायुष्याची कथा अशी कीं, हरिपाळदेव द्यूतांत हरले, देणें फेडण्यास पत्नीचे अलंकार मागितले, ते न मिळाल्यामुळें त्यांचें मन संसारांतून उडालें, आणि रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते घराबाहेर पडले. महानुभाव पंथाचा इतिहास, म्हणावयाचेंच तर, एका फसलेल्या दानापासून सुरू होतो. खानदेशांत आखाजीला माहेरवाशिणी झोके घेतात आणि पुरुष पत्त्यांचे डाव मांडतात. त्या डावांत पैसा नसेल तर किती जण बसतील, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मोक्षपटाला मात्र अशी पैज लागत नाहीं. हरण्या-जिंकण्याचें जें कांहीं आहे तें पटावरच लिहिलेलें असतें. पण केवळ नांवें लिहून खेळ रंगत नाहीं. नांवें, घरांचे आंकडे आणि दान यांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ कसा बसतो तें पाहण्यास कवड्यांचें गणित पाहिलें पाहिजे, आणि त्या गणितासाठीं खानदेशाबाहेर जावयास नको.

चाळीसगांव तालुक्यांत सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटण हें ओसाड गांव आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १९ व्या शतकांत उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (तापीवरील योगी चांगदेव निराळा) हा यादव सिंघणाचा ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला, व निकुंभ वंशांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्यास देणगी दिली, असें लेख सांगतो. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून बाजारांत येणाऱ्या जिनसांवर मठासाठीं काय काढावें याचा त्यांत तपशील आहे. ज्या ग्रंथांसाठीं हा मठ होता त्यांत लीलावती हा मुख्य. तो शके १०७२ च्या सिद्धान्तशिरोमणीचा एक भाग. लीलावतींत एक उदाहरण आहे. एका रम्य वाड्यास आठ झरोके आहेत, ते एक, दोन, तीन असे उघडे ठेवण्याचे प्रकार किती. आणि मधुर, तिखट, तुरट, आंबट, खारट व कडू या सहा रसांच्या मिश्रणाचे प्रकार किती. रसांचें उत्तर असें: एकेक रसाचे ६, दोन रसांचे १५, तीनांचे २०, चारांचे १५, पांचांचे ६ आणि साहींचा मिळून १, एकूण ६३. ‘कोणताच रस नाहीं’ हा प्रकार धरला तर ६४.

आतां रसांच्या जागीं सहा कवड्या घ्या. उताणी पडलेली कवडी म्हणजे घेतलेला रस, पालथी म्हणजे न घेतलेला. ६४ प्रकारांत एकही उताणी न पडण्याचा प्रकार १, एक उताणी पडण्याचे ६, दोन १५, तीन २०, चार १५, पांच ६, सहा १. म्हणजे कवड्यांच्या दानांत तीन हें आंकडे वारंवार पडणारें आणि सहा हें अत्यंत दुर्मिळ. पाटणच्या मठांत विद्यार्थी कवड्या खेळत असा आमचा दावा नाहीं. परंतु कवड्यांचें दान मोजण्याचें साधन या प्रांतांत मठ बांधून शिकविलें जात होतें, एवढें निश्चित. फैजीनें १५८७ सालीं अकबरासाठीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, आणि त्याच्याच भावानें, अबुल फज्लानें, चौपडीचें वर्णन लिहिलें. दोघां भावांनीं एकमेकांचे कागद शेजारीं ठेवून पाहिले असते तर बरें झालें असतें.

कारण सारीपाटाचे फासेही ६४ प्रकारांनींच पडतात. आईनाप्रमाणें फासे तीन, लांबट, चार बाजूंचे. बाजूंवर १, २, ५ व ६. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे ६४. सहा दुतोंडी कवड्या आणि तीन चौकोनी फासे यांची संख्या अशी एकच यावी ही मोठी मौजेची गोष्ट आहे. त्यांतील एक व दोन षटकें, म्हणजे पौबारा, हें दान ६४ पैकीं तीन वेळां येतें. तें पडलें कीं सोंगटी सुसाट सुटे. त्यावरून ‘पोबारा करणें’ हा वाक्प्रचार मराठींत पळून जाण्याच्या अर्थीं रूढ झाला. पच्चिशींत तर खेळाला नांवच दुर्मिळ दानावरून पडलें आहे. तिच्या एका प्रचलित रीतींत सर्व कवड्या पालथ्या पडल्या तर २५ घरें, एकच उताणी पडली तर १०, आणि पुढें जितक्या उताण्या तितकीं घरें. हिशेब केला तर ६४ दानांत एकूण २७१ घरें चाललीं जातात, आणि त्यांतील ८५ घरें केवळ सात दानांनीं मिळतात. जवळजवळ एक तृतीयांश मजल नवांत एखाद्या दानानें मारली जाते. म्हणून मागें पडलेल्या खेळणाराची आशा सुटत नाहीं, आणि पुढें गेलेल्याची धाकधूक संपत नाहीं. कोणती सोंगटी हलवावी, कोणती जोडींत ठेवावी, हें ठरविण्यांत कौशल्य आहेच. पण कौशल्याला झोंप लागूं नये हें काम दान करतें.

मोक्षपटांत तें कौशल्यही नाहीं. सोंगटी एक, आणि दान पडेल तितकें चालावयाचें. असा खेळ कंटाळवाणा व्हावयास हवा. तो कां होत नाहीं, हें एका छापील पटावर तपासतां येतें. हरीश जोहरी यांनीं १९७५ सालीं ७२ घरांचा पट इंग्रजी विवरणासह प्रसिद्ध केला; त्यांतील आंकडे आम्ही घेतों. नऊ घरांची ओळ, अशा आठ ओळी. मोजणी खालून वर व नागमोडी. वैकुंठ शेवटच्या घरीं नसून ६८ व्या घरीं आहे. येथेंच रचनाकाराची दृष्टि दिसते. वैकुंठ चुकवून पुढें गेलेला मनुष्य ६९ पासून ७२ पर्यंत सरकतो, आणि ७२ व्या घरीं तमोगुणाचा साप त्यास ५१ व्या घरीं, पृथ्वीवर, आणून सोडतो. सापशिडींत शेवटच्या घराशीं नेमकें दान पडेपर्यंत तिष्ठत बसावें लागतें. तसा रटाळपणा येथें नाहीं.

आतां ५१ व्या घरीं आलेल्या या मनुष्यापुढें काय मांडलें आहे तें पाहा. ५२ वर हिंसेचा साप, ५३ मोकळें, ५४ वर भक्तीची शिडी, जी थेट ६८ ला, वैकुंठास, जाते. आणि तिला खेटून ५५ वर अहंकाराचा साप, जो ३ ऱ्या घरीं, क्रोधांत, उतरतो. सहा कवड्यांनीं खेळल्यास, व उताण्या तितकीं घरें ही रीत धरल्यास, आमच्या गणिताप्रमाणें शंभरांत सुमारें ३४ वेळां तो भक्तीच्या घरीं पोहोंचतो, २९ वेळां अहंकारांत सांपडतो, व १० वेळां हिंसेंत. भक्ति तीन घरांवर आहे, आणि तीन हेंच कवड्यांचें नेहमींचें दान. अहंकार त्याच्या पाठोपाठ. हाच पट सहा बाजूंच्या फाशानें खेळला तर भक्ति व अहंकार यांचा संभव अगदीं सारखा, शंभरांत सुमारें १९ वेळां, येतो. कवड्यांनीं भक्तीच्या पारड्यांत जो थोडासा झुकाव ठेविला होता तो फाशानें काढून टाकला.

दुसरीं दोन ठिकाणें पाहूं. २७ व्या घरावरील परमार्थाची शिडी ४१ व्या घरीं, जनलोकांत, नेते. तेथून तीनच घरांवर, ४४ ला, अविद्येचा साप आहे व तो ९ व्या घरीं, कामांत, उतरतो. फाशानें या सापाच्या तोंडीं जाण्याचा संभव शंभरांत २३, कवड्यांनीं ३६. तसेंच २२ व्या घरावरील धर्माची मोठी शिडी ६० व्या घरीं सद्बुद्धीस पोहोंचविते, आणि लगेच ६१ वर दुर्बुद्धि व ६३ वर तमस् असे दोन साप वाट पाहत असतात. त्यांपैकीं एकाच्या तोंडीं जाण्याचा संभव फाशानें ३६ व कवड्यांनीं ४४. म्हणजे जेथें मनुष्य चढून गेला तेथेंच त्यास अधिक जपावें लागतें, ही गोष्ट पटावर लिहून ठेविलेली नाहीं. ती घरांच्या अंतरांतून खेळणाराच्या अनुभवास येते. उपदेश तोंडानें न करतां हातांतल्या कवड्यांकडून करविणें, हें या रचनेचें मर्म आहे. कीर्तनकार जें घसा कोरडा करून सांगतो तें हा पट चार दानांत पटवितो.

यावर कोणी म्हणेल कीं हे योगायोग आहेत. एका पटावरून तसें म्हणणें अगदीं बरोबर ठरेल. शिवाय खरी कवडी नाण्यासारखी समतोल नसते. तिच्या पाठीच्या उंचवट्याप्रमाणें ती एका अंगावर अधिक पडते, आणि मग वारंवार येणारें दान तीनाऐवजीं दोन किंवा चार होऊं शकतें. जोहरी यांचा पटही फाशानें खेळण्यासाठींच छापलेला आहे. कवड्यांचा हिशेब त्यावर आम्हीं लावून पाहिला. म्हणून आम्ही एवढेंच म्हणतों कीं प्रश्न सुटण्याजोगा आहे. निरनिराळ्या प्रांतांतील व पंथांतील पट घेऊन शिडीच्या माथ्यापासून पुढील सापाचें अंतर मोजीत गेलें, आणि तीन-तीन घरांचीं अंतरें वारंवार आढळलीं, तर रचना कवड्यांसाठीं केलेली होती असें ठरेल; अंतरें विखुरलेलीं निघालीं तर वरील अनुमान सोडून द्यावें. हें काम पोथ्यांचे पाठभेद जमविण्यासारखेंच आहे. पटालाही पाठभेद असतात. नक्कल करणारास नागमोडी मोजणी ठाऊक नसेल तर दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाचें १० वें घर तो १८ वें समजतो, आणि तेथील शिडी भलत्या नांवाला चिकटते. एकच चूक दोन पटांत सांपडली तर ते एका मातृकेवरून उतरले असें म्हणण्यास आधार मिळतो. अशी वंशावळ लागल्यावर मगच पहिला पट कोणत्या प्रांतांत व कोणत्या पंथांत निघाला हें बोलतां येईल. आजमितीस ज्ञानदेवांच्या बाजूनें किंवा विरुद्ध जें बोललें जातें त्यास हा पाया नाहीं.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर, असा पट एका बैठकींत एका माणसानें रचला असेल हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. कवड्यांचा स्वभाव खेळून खेळून कळतो; ज्या जागीं साप असतां खेळ मरतो तेथून तो पुढच्या नकलेंत हलविला जातो; जी शिडी फार सोपी पडते ती आंखूड होते. सारीपाटाप्रमाणें मोक्षपटही अनेक पिढ्यांच्या हातांखालून तावून सुलाखून निघाला असावा. त्यांत ज्ञानदेवांच्या संप्रदायाचा वांटा नाहीं असें नव्हे. मराठी पटांवरील घरांच्या नांवांचा भाषेच्या दृष्टीनें अभ्यास झाला तर तो वांटा किती व केव्हांचा हें कळेल.

१८९२ सालीं लंडनच्या एफ्. एच्. एअर्स यानें सापशिडी विक्रीस काढली. पुढें इंग्रजी पटांत घरें शंभर झालीं, कवड्या गेल्या, फासा किंवा भोंवरा आला. आरंभीं सद्गुण-दुर्गुणांचीं कांहीं चित्रें राहिलीं. पुढें तींही गळालीं. खेळ जगभर पसरला हें खरें, व मुलांस आंकडे शिकविण्यास तो बरा हेंही खरें. परंतु जाणत्या माणसांनीं संध्याकाळभर त्यावर बसावें असें त्यांत कांहीं उरलें नाहीं. साप कां गिळतो हें कळत नाहीं, आणि कोठें गिळील याचा अंदाज बांधण्यास समान दानाच्या फाशामुळें जागा नाहीं. एकादशीच्या जागरणास जो पट चालत असे तो पावसाळी दुपारचा पोरखेळ झाला.

दगडावर कोरलेल्या पटांविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. देवळांच्या पायऱ्यांवर, घाटांवर व नाशिकच्या पांडवलेण्यांसारख्या ठिकाणीं खळगे व रेघा कोरलेल्या आढळतात, आणि लेणें दोन हजार वर्षांचें म्हणून खेळही तितकाच जुना अशी नोंद घाईनें होते. कोरीव पट हा दगड घडल्यानंतरचा, एवढेंच त्यावरून ठरतें. काल दुपारीं गुराख्यानेंही तो कोरलेला असूं शकेल. खळग्यांच्या कडा किती झिजल्या आहेत, पट बसण्याच्या सोयीच्या जागीं आहे कीं उभ्या दगडावर, त्यावरून पुढचें बांधकाम गेलें आहे काय, हें पाहिलें पाहिजे. उभ्या दगडावरचा पट हा बहुधा दुसरीकडून आणून बसविलेल्या दगडाचा साक्षीदार असतो, आणि देवळाच्या इतिहासास तो खेळाहूनही अधिक उपयोगी पडतो.

धुळें येथें राजवाडे संशोधन मंडळ व श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्थांमुळें पोथ्यांची जपणूक हा खानदेशाच्या अंगवळणीं पडलेला विषय आहे. पटांच्या बाबतींत तीच काळजी घ्यावी अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. पट सांपडल्यास त्याचें चित्र घेऊन थांबूं नये. घरांची एकूण संख्या, मोजणीची दिशा, प्रत्येक साप-शिडीचें आरंभाचें व शेवटचें घर, आणि घराचें नांव जसें लिहिलें असेल तसें, शुद्ध न करतां, उतरून घ्यावें. घरांत कोणी वृद्ध मंडळी तो खेळलेली असतील तर किती कवड्या घेत, एकही उताणी न पडल्यास काय करीत, आणि वैकुंठ ओलांडलें तर कोठें जात, हें त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावें. ही माहिती पटावर कोठेंही नसते आणि ती सांगणारीं माणसें थोडीं राहिलीं आहेत. पटाबरोबर पिशवींत कवड्या निघाल्या तर त्या वेगळ्या काढूं नयेत, नव्या घालून संख्याही पुरी करूं नये. त्याच कवड्या पांच-सातशें वेळां टाकून प्रत्येक दान किती वेळां पडलें याची नोंद पटाच्या नोंदीस जोडावी.